फाटक नसलेला कारखाना

बेकार झालेल्या कामगाराचे एक ठरलेले चित्र मराठी वाचकाच्या मनात असते. त्यात एक थंडावलेली चिमणी असते, कुलूप लावलेले फाटक असते, फाटकावर चिकटवलेली नोटीस असते आणि ती नोटीस वाचत उभा असलेला एक पुरुष असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाने हे चित्र इतके पक्के केले की त्यानंतर ‘उद्ध्वस्त कामगार’ म्हटले की गिरणगाव, असे समीकरण होऊन बसले. त्या संपात अडीच लाखांच्या आसपास माणसे होती आणि त्यांचे दुःख खरे होते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या चित्राच्या चौकटीशी. ही चौकट जितकी आपल्या साहित्याची आहे तितकीच शासनाचीही आहे. कामगार बेकार झाला हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, या प्रश्नाला कवी आणि कामगार आयुक्त आश्चर्यकारकरीत्या एकच उत्तर देतात: फाटक बंद झालेले दिसले पाहिजे.

आता कोहमाऱ्याचा विचार करू. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावरचा एक चौक आहे. पश्चिमेला साकोली, भंडारा, नागपूर, पूर्वेला देवरी आणि पुढे छत्तीसगड, उत्तरेला गोरेगाव-गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव. येथे चिमणी नाही, भोंगा नाही, ‘गाव’ हा प्रत्यय लावून मिरवावी अशी एखादी गिरणीही नाही. तरीही हा सारा झाडीपट्टीचा टापू गेली शंभर वर्षे एका मोठ्या कारखान्याचा भाग आहे. त्या कारखान्याचे नाव बिडी. (पुस्तकी मराठीत ‘विडी’; येथे ‘बिडी’च म्हणतात, म्हणून येथेही तसेच.) तेंदूपान जंगलातले, तंबाखू बाहेरून आलेली, हात घरातल्या बाईचे, आणि कारखान्याचे छप्पर म्हणजे तिच्याच घराची कौले. या कारखान्याला फाटक नव्हते. त्यामुळे तो आखडत गेला तेव्हा कोणतेही फाटक बंद झाले नाही, आणि म्हणून सरकारदरबारी व साहित्यदरबारी कोणीही बेकार झाले नाही.

फाटक नव्हते, असे म्हटले. पण ते आपोआप नाहीसे झालेले नाही. त्याला इतिहास आहे. आजचा गोंदिया जिल्हा (१ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग) ज्या जुन्या मध्य प्रांतात होता, त्या प्रांताने १९३७ साली ‘अनियंत्रित कारखान्यां’साठी एक कायदा केला. बिडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या कामाच्या जागा त्याच्या कक्षेत आल्या. कायदा ठरावीक संख्येहून अधिक माणसे एकत्र काम करीत असतील तरच लागू होणार होता. मालकांनी यातून जो धडा घ्यायचा तो घेतला: माणसे एका छपराखाली ठेवायचीच कशाला? काम छपरीतून घराकडे सरकले आणि मालक व मजूर यांच्या मध्ये सट्टेदार नावाचा मनुष्य उभा राहिला. पान, तंबाखू आणि सूत तो नेऊन देणार, तयार बिड्या मोजून घेणार, त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढणार. मात्र त्या छाटलेल्या बिड्यांची मजुरी मजुराला मिळणार नाही. १९५८ साली मध्य प्रदेशातल्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे कारखाना अधिनियमाच्या व्याख्येनुसार तो ‘कामगार’ ठरला नाही. आणि त्याच्या पलीकडे, आपापल्या ओसरीवर बसलेल्या बाया तर त्या व्याख्येच्या कितीतरी मैल दूर राहिल्या.

उत्पादन स्थलांतरित होते ते नेहमी समुद्र ओलांडून जाते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याचे पहिले स्थलांतर कायद्याच्या नजरेतून नजरेबाहेर होते. मुंबईच्या गिरण्यांचे कापडही आधी परदेशी गेले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. मराठीत ‘परदेशी’ हा शब्द एके काळी उत्तरेकडून आलेल्या माणसालाही लावला जाई. परदेश व्हायला समुद्र लागत नाही, एवढी समज या भाषेला होती. कोहमाऱ्याच्या बाईच्या दृष्टीने काम सीमेपलीकडच्या राज्यात गेले काय किंवा सातासमुद्रापार गेले काय, तिच्या सुपातले पान कमी झाले एवढेच खरे.

या विभागाला हा अनुभव नवा नाही. पवनी, मोहाडी, आंधळगाव येथल्या विणकरांच्या मागांनी मँचेस्टरचे सूत आणि मँचेस्टरचे कापड येताना पाहिले होते. उत्पादन परदेशी गेल्यामुळे बेकार झालेला भंडारा भागातला पहिला कारागीर शोधायचा असेल तर तो एकोणिसाव्या शतकातला हा विणकर आहे. त्याच्यासाठी कोणतीही योजना नव्हती, कारण राज्य परक्याचे होते. स्वकीयांच्या राज्यात काय झाले, हा आपला विषय आहे.

स्वकीयांच्या राज्याने काही केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणातून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीची योजना निघाली आणि १९८६ पासून ती अमलात आली. कायमच्या बंद पडलेल्या खाजगी गिरणीतल्या कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के, अशी ती उतरती भाजणी होती. पाच वर्षांची सलग सेवा हवी, वेतन ठरावीक मर्यादेच्या आत हवे, आणि गिरणी रीतसर बंद झाल्याचा कागद हवा. १९९२ साली राष्ट्रीय नवीकरण निधी आला. नव्या आर्थिक धोरणात होरपळणाऱ्या कामगारांना पुन्हा शिकवून पुन्हा उभे करायचे, हा त्याचा जाहीर हेतू. त्याचा बहुतांश पैसा गेला तो सार्वजनिक उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर. २००५ साली राज्य विमा योजनेअंतर्गत राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली, २०१८ साली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली. पुनर्वसन निधीची जुनी योजना २०१७ साली बंद करून यांपैकी पहिलीत विलीन केली गेली. मुंबईत गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले आणि २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. अर्ज आणि घरे यांतले हे अंतर पुढच्या सोडतींनीही फारसे मिटवले नाही.

या प्रत्येक योजनेवर स्वतंत्र टीका करता येईल. परंतु त्या साऱ्यांत एक समान सूत्र आहे आणि तेच अधिक तपासण्याजोगे आहे. प्रत्येक योजनेला एक तारीख लागते, ज्या दिवशी काम संपले ती तारीख. बिडीच्या कामाला अशी तारीख कधीच नसते. आठवड्यातले सहा दिवस पान मिळत होते, मग चार दिवस मिळू लागले, मग दोन, छाट वाढली, सट्टेदार पावसाळ्यानंतर आला नाही. बेकारी येथे एका सकाळी येत नाही, ती झिरपत येते. झिरपणाऱ्या आपत्तीचा पंचनामा करणारा तलाठी अजून जन्मायचा आहे.

या ठिकाणी बाहेरच्या जगाकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. अमेरिकेने १९६२ साली, केनेडी अध्यक्ष असताना, व्यापारविस्ताराच्या कायद्यातच एक तरतूद केली: परदेशी मालाच्या आयातीमुळे ज्याचे काम जाईल त्या कामगाराला भत्ता आणि नवे शिक्षण मिळावे. तिच्यामागचा युक्तिवाद साधा होता. व्यापार खुला करण्याचा निर्णय राष्ट्र घेते, त्याचा लाभ सगळ्यांना थोडा थोडा मिळतो, तोटा मात्र मूठभरांच्या वाट्याला येतो. तेव्हा या मूठभरांचे जे बुडाले ते राष्ट्राने भरून द्यावे. या कार्यक्रमाचे फार गुणगान करण्याचे कारण नाही. त्याच्या अटी अशा होत्या की १९६९ पर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ साली त्या सैल कराव्या लागल्या. आणि १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज घेणेच थांबले. युरोपीय संघानेही २००६ साली असाच एक निधी उभारला. म्हणजे तेथेही सारे आलबेल नाही. पण तेथे निदान कायद्याच्या पुस्तकात एक वाक्य लिहिले गेले, की हे नुकसान आमच्या निर्णयामुळे झाले आहे. आपण १९९१ साली दारे उघडली, १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेत बसलो, आणि तसे एकही वाक्य लिहिले नाही. पुण्याजवळच्या तळेगावात जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवले आणि हजाराहून अधिक कामगार रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्या हाती होता तो भरपाई आणि परवानगी यांविषयीचा जुना औद्योगिक कलह कायदा. जागतिक भांडवलाच्या निर्णयासाठी वेगळे उत्तरदायित्व मानणारी तरतूद त्यांच्याकडे नव्हती. तळेगावला निदान फाटक होते, आणि फाटकासमोर बसता येत होते.

मग फाटक नसलेल्यांसाठी काही करताच येत नाही काय? येते, आणि ते बिडीच्याच बाबतीत घडून गेले आहे. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा संसदेने केला. केरळने तो अमलात आणायचे ठरवताच १९६८ साली तेथल्या मोठ्या मालकांनी कन्नूर भागातले काम बंद केले आणि ते शेजारच्या कर्नाटकात, जेथे कायदा अजून कागदावर होता तेथे, नेले. हजारो बिडी कामगार एका झटक्यात बेकार झाले. उत्पादन सीमेपलीकडे गेल्याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या देशात मिळणे कठीण. केरळ सरकारने त्यांना निर्वाह भत्त्याची भाजणी लावून दिली नाही. १९६९ च्या फेब्रुवारीत दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली; भागभांडवलासाठी सरकारने कर्ज दिले, आणि संस्था कामगारांच्या मालकीची राहिली. ऐशीच्या दशकात तिच्यात चाळीस हजारांहून अधिक कामगार होते. बिडीचा खप उतरू लागला तेव्हा याच संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे असे नवे धंदे काढले. ज्या महाराष्ट्राला सहकाराचा एवढा अभिमान, ज्याच्या ग्रंथालयात साखरेच्या सहकारावर कपाटे भरतील एवढी पुस्तके आहेत, त्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला ही कल्पना तशा आकाराने का पोहोचली नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. उसाला फड असतो, फडाला मालक असतो, मालकाला मत आणि पत असते. बिडी वळणाऱ्या बाईकडे यांपैकी फक्त मत होते.

या मांडणीवर दोन आक्षेप हमखास घेतले जातील. पहिला: बिडी हे विष आहे, ती बंद होत असेल तर ते चांगलेच, तिच्या कामगारांसाठी गळा काढण्याचे कारण काय? आक्षेपातला पूर्वार्ध पूर्णपणे मान्य आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारताने २००४ साली शिक्कामोर्तब केले, त्या करारातच सतरावे कलम आहे. तंबाखूवर जगणारे कामगार, शेतकरी आणि किरकोळ विक्रेते यांना परवडणारे पर्यायी काम मिळावे यासाठी राष्ट्रांनी प्रयत्न करावा, असे ते सांगते. पाकिटावर चित्रमय इशारा छापण्याचे कलम आपण २००९ पासून पाळतो आणि त्याचा आकार वाढवतही नेतो. सतराव्या कलमाची मात्र वाच्यता नाही. आरोग्याचा कळवळा धूर ओढणाऱ्याच्या फुप्फुसापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. दिवसभर तंबाखूची भुकटी श्वासात घेत ज्या बाईने ती बिडी वळली, तिच्या फुप्फुसाकडे आणि चुलीकडे तो वळत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. सरकारने कोणाकोणाला पोसायचे? येथे ‘पोसणे’ या क्रियापदालाच हरकत घेतली पाहिजे. १९७६ च्या कायद्याने बिडी कामगार कल्याण निधी स्थापन झाला. तयार बिडीवर उपकर बसवून त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुले यांची सोय व्हायची. म्हणजे मजूर जेवढ्या बिड्या वळत होता तेवढा तो निधी भरत होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हा उपकर रद्द झाला. कर बिडीवर राहिलाच, तोही २८ टक्के; फक्त त्यातला कामगाराच्या नावाचा वाटा नाहीसा झाला आणि कल्याणाची सोय अर्थसंकल्पाच्या मर्जीवर सोपवली गेली. तेंदूपानाचा व्यापार महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने आपल्या ताब्यात घेतला, त्याचे उत्पन्नही अनेक वर्षे सरकारी तिजोरीत जात राहिले. पान सरकारचे, कर सरकारचा, आणि हात रिकामे झाले की ‘पोसायचे कोणी’ हा प्रश्नही सरकारचाच! शेजारच्या तेलंगणाने २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीत नाव असलेल्या बिडी कामगारांना मासिक निवृत्तिवेतन सुरू केले: आधी १,००० रुपये, २०१९ पासून २,०१६ रुपये. रक्कम मोठी नाही. परंतु त्यातून एक गोष्ट सिद्ध होते, की घरात बसून काम करणारी बाई मोजता येते, शोधता येते आणि तिच्यापर्यंत पैसा पोहोचवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच घरी बिड्या वळणारे हे भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यापुरते मालकाचे नोकर आहेत, असे म्हटले होते. न्यायालयाला जे चाळीस वर्षांपूर्वी दिसले ते न दिसण्याला अडचण म्हणता येत नाही. त्याला पसंती म्हणतात.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या साऱ्याशी काय करायचे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की यातला अर्धा प्रश्न भाषेचा आहे, आणि भाषा हा आपला प्रांत आहे. ‘मदत’, ‘सहाय्य’, ‘अनुदान’, ‘लाभार्थी’ हे शब्द आपण शासकीय म्हणून सोडून देतो. परंतु ‘लाभार्थी’ या शब्दात एक अख्खे तत्त्वज्ञान दडलेले आहे. अर्थी म्हणजे मागणारा; लाभ म्हणजे हक्काने येणे नसलेली, वरकड मिळालेली गोष्ट. ज्याचे काम एका धोरणाने काढून घेतले, त्याच धोरणाच्या दाराशी तो लाभाची याचना करीत उभा आहे, असे हा शब्द सांगतो. याच्या जागी मराठीत ‘देणेकरी’ आणि ‘घेणेकरी’ असे दोन चोख शब्द आहेत. गावच्या वाण्याच्या वहीत ते रोज वापरले जातात. बिडी कामगार हा सरकारचा लाभार्थी नसून घेणेकरी आहे, असे एकदा लिहून पाहावे. पुढची सगळी वाक्ये आपोआप बदलतात.

उरलेला प्रश्न आपल्या अभ्यासक्रमांचा आणि समीक्षेचा. ‘कामगार साहित्य’ असे शीर्षक घेऊन जे शिकवले जाते त्यात नारायण सुर्वे आहेत, अण्णा भाऊ साठे आहेत, जयंत पवारांचे ‘अधांतर’ आहे, आणि ते असलेच पाहिजेत. पण हे सारे मुंबईचे आहे. अनिल अवचटांनी निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांविषयी लिहिले, तर ते ‘रिपोर्ताज’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवले गेले. जणू गिरणी कामगाराचे दुःख वाङ्मय आणि तंबाखू कामगाराचे दुःख माहिती. झाडीपट्टीत नाटकांचा एवढा मोठा हंगाम चालतो, दंडार आहे, बोलीच्या अभ्यासाची चळवळ आहे. पण विद्यापीठात ‘कामगार’ या विषयाखाली येथले काही वाचले जाते काय? बोलीभाषेच्या तासाला झाडीबोलीतले शब्द गोळा करायचे, आणि त्या शब्दांत जी बाई आपल्या छाटीचा हिशेब सांगते तो हिशेब मात्र टिपायचा नाही, याला भाषेचा अभ्यास कसे म्हणावे? फाटकाचा आग्रह येथेही आहे. समीक्षेला शोकांतिका हवी असते, शोकांतिकेला एक निर्णायक क्षण हवा असतो, आणि झिरपत जाणाऱ्या बेकारीत तो क्षण नसतो. म्हणून ती आपल्याला नाट्यपूर्ण वाटत नाही. सरकारी निकष आणि आपले सौंदर्यनिकष एकाच वर्तुळात फिरतात ते असे.

मागण्या फार गूढ नाहीत. बिडी कामगाराचे ओळखपत्र हाच कामाचा पुरावा मानावा. काम बंद झाल्याच्या तारखेऐवजी काम घटल्याची नोंद धरावी आणि त्या घटीच्या प्रमाणात, गिरणी कामगाराला लावली तशीच निदान तीन वर्षांची भाजणी येथेही लावावी. उपकर गेला तरी त्याच्याएवढी रक्कम कायद्याने बांधून कल्याण निधीत यावी. ज्या ग्रामसभा आज वनहक्कांच्या आधारे तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत, त्यांना पानाच्या पुढच्या प्रक्रियेसाठी आणि बिडीखेरीज इतर उद्योगांसाठी भांडवल मिळावे; कर्ज म्हणून मिळाले तरी चालेल, दिनेश बिडीला कर्जच मिळाले होते. आणि नव्या कामगार संहितांनी, ज्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, कमी केलेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाएवढ्या पुनर्कौशल्य निधीची जी तरतूद केली आहे, ती घरखेपी कामगारालाही लागू आहे असे स्पष्ट शब्दांत लिहावे. पंधरा दिवसांची मजुरी ही काही उदार रक्कम नव्हे. पण तीही ज्या कोणाला द्यायची त्याला आधी ‘कमी केले’ असे कोणीतरी म्हणावे लागेल, आणि सट्टेदार असे कधी म्हणत नाही. तो फक्त यायचा थांबतो.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत याच महामार्गावरून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन पूर्वेकडे चालत गेली. तेव्हा महाराष्ट्राला काही दिवस ही माणसे दिसली, कविताही झाल्या. ती सारी मुळात घर सोडून का गेली होती, हा प्रश्न त्या कवितांत फारसा आला नाही. झाडीपट्टीच्या कित्येक घरांतून ओसरीवरचे सूप उचलले गेल्यानंतर घरातला मुलगा नागपूरला, पुण्याला, हैदराबादला गेला. हे स्थलांतर कोणत्याही साथीआधीचे आहे आणि साथीनंतरही चालूच आहे. दर उन्हाळ्यात येथल्या जंगलातले पान तोडून, पुडे बांधून, ट्रकांत भरून कोहमाऱ्याच्या चौकातून बाहेर जाते. पान अजून येथलेच आहे. ते वळण्याची मजुरी कोणाकडे गेली आणि तिच्या बदल्यात येथे काय आले, याचा हिशेब सरकारने मांडला नसेल तर तो मागणे हे मराठीच्या वर्गाचेही काम आहे.